प्रशासनसुधारणेचे मार्ग आणि इलेक्ट्रॉनिक सिटी

सनदी सेवेच्या सुधारणेचा विचार निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या अंगांनी झाला असला, तरी त्याच्या मुळाशी दोन प्रश्न आढळतात : अधिकारी निवडावा कसा, आणि त्याने जाब द्यावा कोणाला? पहिल्याचे उत्तर ब्रिटनमध्ये 1854 च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने व अमेरिकेत 1883 च्या पेंडल्टन कायद्याने दिले. वशिल्याच्या जागी गुणवत्तेचा निकष आला. दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. 1988 साली ब्रिटनने खात्यांची अंमलबजावणीची कामे स्वतंत्र अभिकरणांकडे सोपविण्यास आरंभ केला; त्याच वर्षी न्यूझीलंडने खातेप्रमुखांना मुदतीच्या करारावर नेमण्याचा कायदा केला. कामाचे स्वातंत्र्य द्यावे आणि फलिताचा जाब मागावा, हे दोहोंचे सूत्र होय.

या सूत्राशी नाते सांगणारा एक स्थानिक प्रयोग बंगळूरच्या दक्षिणेस झाला आहे. केओनिक्स या सरकारी महामंडळाने 1978 साली, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. उद्योग वाढले, तशी रस्ते, दिवे व सांडपाणी यांची निकड ग्रामपंचायतींच्या आवाक्यापलीकडे गेली. औद्योगिक नगरीत निर्वाचित नगरपालिका नसली तरी चालेल, अशी सवलत घटनेच्या 74 व्या दुरुस्तीत आहे. 2013 साली कर्नाटक शासनाने येथे स्वतंत्र औद्योगिक नगर प्राधिकरण स्थापिले. मालमत्ता कराची वसुली व नागरी सोयी त्याच्याकडे आल्या. कराचा काही वाटा पंचायतींना मिळतो.

जेथे कर गोळा होतो तेथेच तो खर्च व्हावा व निर्णय लवकर व्हावा, हा या रचनेचा लाभ निर्विवाद आहे. मात्र पंचायतीचा सदस्य मतदानाने बदलता येतो. प्राधिकरणाचे सदस्य नियुक्त असतात आणि त्यांत उद्योजकांचे प्रतिनिधी बसतात. शेजारच्या गावात राहणाऱ्या श्रमिकाने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

त्याच राज्याने 2011 साली केलेला सेवाहमी कायदा याच्या उलट टोकाकडून आरंभ करतो. ‘सकाल’ या नावाने परिचित असलेल्या या व्यवस्थेत सेवेस मुदत असते आणि विलंबाबद्दल दिवसास 20 रुपये, कमाल 500 रुपये, भरपाई मागता येते. महाराष्ट्रानेही 2015 साली लोकसेवा हक्क कायदा केला. रक्कम अल्प असली, तरी जाब मागण्याचा अधिकार वरिष्ठाकडून नागरिकाकडे येतो. कार्यक्षमतेसाठी स्वातंत्र्य आवश्यक असेल. परंतु नागरिकाच्या हाती हा अधिकार नसेल, तर ती सुधारणा अर्धीच म्हणावी लागेल.