चार गुंठ्यांचा खेळ

खापरच्या शिवारात आपली गाठ पडते ती बियाणे, खत आणि कीड यांसाठी. आज थोडे खेळाविषयी बोलू.

१९९० च्या सुमारास मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात होतो. राहुरी विद्यापीठाच्या पुणे, कोल्हापूर, धुळे या महाविद्यालयांचे बास्केटबॉल सामने होत. आमच्या संघातील बहुतेक मुले शेतकऱ्यांची. गावी हा खेळ पाहिलेलाच नव्हता. संघात पाच जण, कडी दहा फुटांवर. एकाने चेंडू धरून ठेवला की तो हातचा जाई. वेळेवर सोबत्याला दिला की गुण मिळे. रात्री पंगतीत कोल्हापूरचा ऊस आणि खानदेशचा कापूस शेजारी बसत. हार-जीत विसरलो, त्या ओळखी मात्र नोकरीत आजही कामी येतात.

१८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटर, म्हणजे चार गुंठ्यांहून किंचित जास्त. सरावाला निम्मे पुरे.

मळणी आटोपली की खळे रिकामेच असते. तेथे एक खांब रोवा, कडी बसवा. मुलींनाही खेळू द्या. दहावी झाली, आता खेळ पुरे, असे मात्र मुलांना म्हणू नका.