मंगळावरचा सक्तीचा मुक्काम

नाशिकहून मुंबईला गेलेला माणूस काम आटोपताच परत फिरतो. मंगळाच्या प्रवाशाला तसे करता येणार नाही. का ते पाहू.

जर्मन अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी 1952 मध्ये मंगळमोहिमेची योजना पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. 10 याने, 70 माणसे. जायला 260 दिवस, परतायलाही तितकेच. मुक्काम मात्र 440 दिवसांहून अधिक!

ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार माना. कमीत कमी इंधन लागणाऱ्या मार्गाने जाणारे यान सूर्याभोवती 180 अंश फिरून मंगळ गाठते. तेवढ्या वेळात पृथ्वी 256 अंश फिरते; म्हणजे ती मंगळाच्या 76 अंश पुढे असते. परतताना यानाची व पृथ्वीची गाठ पडायची, तर निघतेवेळी पृथ्वी 76 अंश मागे हवी. त्यासाठी तिने मंगळावर आणखी 360 − 152 = 208 अंशांची आघाडी घेतली पाहिजे. रोजची आघाडी 0.46 अंश. 208 ÷ 0.46 = सुमारे 450 दिवस!

हे गणित टिकले, बेत टिकला नाही. फॉन ब्राउन यांची याने पंखांच्या आधारे मंगळावर उतरणार होती. परंतु तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असल्याचे 1965 मध्ये मरिनर-4 यानाने दाखवले. 1982 मध्ये माणूस उतरवण्याचा त्यांचा 1969 मधील प्रस्तावही मंजूर झाला नाही.

आता 360 ला 0.46 ने भागा. मंगळाकडे निघण्याची संधी किती दिवसांनी येते, ते तुम्हीच सांगा.