बिया मोजणारी पोरं

मुखेड तालुक्यातल्या एका गावी पेरणीआधीच्या बैठकीला गेलो होतो. सोयाबीनचे बोलणे बाजूला राहिले आणि एका पालकाने माझ्यापुढेच गाऱ्हाणे मांडले. "सायेब, तुमी शिकलेली माणसं, जरा सांगा की गुरुजींना. पाचवीच्या पोरांना पुस्तक सोडून बिया मोजायला लावायलेत. शाळा हाय का आडत दुकान?"

बैठक आटोपून शाळेत डोकावलो. व्हरांड्यात ओल्या गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. मुलांनी घरच्या बियाण्यातून निवडानिवड न करता शंभर-शंभर दाणे आणले होते. दहा-दहाच्या रांगा मांडून गोणपाट गुंडाळायचे, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे, सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरात जितके उगवले तितके टक्के. शेकडेवारीचा धडा अजून बराच पुढे होता. गुरुजींनी तो जूनमध्येच ओढून आणला होता.

हीच चाचणी मी वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो. खरे सांगायचे तर परिपत्रक वाचून दाखवत आलो. माना हलत, चहा होई, आणि घरी जाऊन गोणपाट क्वचितच कोणी भिजवी. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा माझे ते वाचन मला फार आठवले.

शेतीशाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचे मूळ इंडोनेशियातले. तेथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता आणि औषध मारावे तसे ते वाढतच होते. तेव्हा 1989 पासून शेतकऱ्यांनाच बांधावर बसवून किडी आणि मित्रकिडी मोजायला लावले. फवारायचे की नाही ते त्यांनीच ठरवायचे, शिकवणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही. आमच्यासारख्याला हे फार जड जाते. उत्तर जिभेवर येऊन बसलेले असते ना!

मुलांच्या बाबतीत असे काम आपल्या महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. वारल्यांची मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी हे नाव तिथलेच. जरा मोठी मुले गुरांमागे रानात जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. महागडी साधने परवडणारी नव्हती. बिया, पाने, शिंपले, माती हीच पाटी आणि हेच पुस्तक. हे जमले, कारण घंटा कधी वाजवायची आणि शाळा कुठे भरवायची, हे शिकवणाऱ्या बाईंच्या हाती होते. वरून वेळापत्रक आले असते, तर गुरांमागची पोरे गैरहजर म्हणून नोंदली गेली असती, एवढेच.

आज आपल्या गुरुजींच्या हाती काय आहे? 2009 चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, मुलांनी कृतीतून, शोध घेत शिकावे. तोच कायदा असेही म्हणतो, की गुरुजींनी सगळा अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत संपवावा. या दोन वाक्यांच्या मध्ये गुरुजी उभे. त्यात निवडणूक आली, जनगणना आली. तपासायला येणारा वह्या बघतो आणि आपण पालकही वह्याच बघतो. बिया मोजण्यात गेलेला आठवडा वहीत कोरा दिसतो. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाल, तेव्हा किती धडे झाले हे विचाराच, पण पोराने स्वतः काय शोधून काढले हेही विचारा. गुरुजींच्या मागे गाव उभे आहे असे दिसले, की त्यांनाही धीर येतो.

गाऱ्हाणे मांडणाऱ्या त्या पालकाच्या मुलाचे दाणे उगवले 41. बाप म्हणाला, पोराचे मोजणे चुकले. गुरुजी काही बोलले नाहीत. पोराने कुणी न सांगता घरी आणखी तीन गुंडाळ्या केल्या. 38, 43 आणि 40! सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी 30 किलो बी लागते. त्याखाली टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचे आणि साठाच्या खालचे बी पेरायचेच नाही. बापाने ते बियाणे मोंढ्यात विकले आणि भावकीतून दुसरे आणले. गुरुजींविषयी मात्र चांगला शब्द त्याच्या तोंडून अजून ऐकला नाही.

मी पुन्हा गेलो तेव्हा मुले वेगळ्याच नादात होती. वाण एकच, मग हिचे 82 आणि त्याचे 41 का? मळणी कधी झाली, शेंगा ओल्या होत्या का, यंत्र किती जोरात फिरवले, पोत्यांची थप्पी किती उंच होती, असे विचारत ती घरोघर फिरली होती. एका मुलीने मला गाठले. "सायेब, गुंडाळीच्या मधलेच दाणे जास्त का कुजले?"

उत्तर माझ्या जिभेवर आले. गुरुजी माझ्याकडेच बघत होते.

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो. ती क्षणभर थांबली आणि खाली बसून गुंडाळी पुन्हा सोडू लागली.