जोडीचा हिशेब

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा फुटबॉल सामना असला, की मध्यंतराला गॅलरीत भांडण ठरलेलं: आघाडीच्या फळीतली जोडी कुणाची भारी? दोघांचे गोल बोटांवर मोजायचे आणि ज्याची बेरीज मोठी, त्याची जोडी मोठी. कुस्तीच्या गावाला हा हिशेब सहज सुचतो, आखाड्यात पैलवान एकटाच उतरतो ना! फुटबॉलात मात्र तो फसतो.

इथल्या तालमींचेच आकडे घेतले तर भांडण मिटण्याऐवजी पेठेपेठेत पेटेल. म्हणून सगळ्यांनी डोळे फाडून पाहिलेल्या जोड्या घेऊ: २०२२च्या विश्वचषकातल्या.

गोलांची बेरीज म्हणजेच जोडीची ताकद, हा पहिला गैरसमज. अर्जेंटिनाच्या मेस्सीचे ७ आणि अल्वारेझचे ४ मिळून ११. फ्रान्सच्या एम्बापेचे ८ आणि जिरूचे ४ मिळून १२. म्हणजे फ्रान्स पुढे. मग कुणीतरी म्हणतो, पेनल्टी वजा करा. मेस्सीच्या सातात चार पेनल्टी, एम्बापेच्या आठात दोन. आता ७ विरुद्ध १०, फ्रान्स आणखी पुढे; आणि चषक अर्जेंटिनाकडे. पण ही वजाबाकीही सरळ नाही. उपांत्य सामन्यात क्रोएशियाचा गोलकीपर लिवाकोविचनं अल्वारेझला पाडलं, म्हणून पेनल्टी मिळाली. गोल मेस्सीच्या खात्यात गेला, मार अल्वारेझनं खाल्ला.

चांगली जोडी एकमेकांनाच पास देते, असंही छातीठोकपणे सांगतात. एम्बापेचे दोन असिस्ट होते आणि दोन्ही गोल जिरूचे, तिथं हे जुळतं. मेस्सीच्या तीन असिस्टपैकी अल्वारेझला मिळाला फक्त एक. पण अंतिम सामन्याचं ३६वं मिनिट आठवा. मेस्सीनं अलगद स्पर्शानं चेंडू अल्वारेझकडे वळवला, त्यानं पुढं धावणाऱ्या मॅक अ‍ॅलिस्टरला दिला, त्यानं आडवा डी मारियाला, आणि गोल! नोंदीत गोल डी मारियाचा, असिस्ट मॅक अ‍ॅलिस्टरचा. मेस्सी-अल्वारेझ जोडीचं माझ्या मते सगळ्यात देखणं काम हेच, आणि ते दोघांच्याही खात्यावर नाही.

अल्वारेझ निव्वळ धावण्यातून काय कमवायचा, ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध दिसलं. डी पॉल गोलकीपरच्या अंगावर धावून गेला, गोलकीपर गडबडला आणि मागोमाग धावलेल्या अल्वारेझनं चेंडू हिसकावून गोल केला. तिथं पास कुणी दिलाच नव्हता.

जोडी फुटली की धार गेली? अंतिम सामन्यात ४१व्या मिनिटालाच जिरूला बाहेर काढलं. एम्बापेचे तिन्ही गोल त्यानंतरचे. ३-३ बरोबरी झाली, शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ जिंकली.

आता घरचं उदाहरण. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा तीन सामन्यांत एकच गोल झाला, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं डोक्यानं मारलेला. जॅक्सन मधल्या फळीचा. आघाडीला खेळणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं खातं कोरं. गॅलरीच्या हिशेबात तो भोपळाच. पण पुढं इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरनं त्याला घेतलं, ते ही पाटी वाचून नव्हे.