दोन सशांचे जमले, हे ओळखायचे कसे?

सशांची जोडी आणलेल्या घरात पहिले दोन-तीन महिने सगळे छान चालते. एकाच टोपलीत झोपणारी, एकाच वाटीत तोंड घालणारी पिल्ले चार महिन्यांची होतात आणि एके सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके सापडतात. ‘अचानक भांडायला लागले हो!’ असे आपण म्हणतो, पण यात अचानक काहीच नसते. ससे वयात आले की संप्रेरकांचा अंमल सुरू होतो आणि बालपणीचा दोस्ताना बहुधा संपतो. खरी जोडी त्यानंतर जमवावी लागते.

मुळात सशाला सोबत हवी कशाला? आपल्या माळरानावरचा ससा तर एकटाच राहतो, बीळही करत नाही. पण दुकानातून येतो तो ससा वेगळ्या जातीचा. जमिनीखाली बिळांचे जाळे विणून गटाने राहणाऱ्या युरोपीय सशाचा तो वंशज. मराठीत दोघांना नाव एकच, म्हणून हा घोळ होतो. गटात राहण्याची ओढ आणि हद्दीचा हट्ट, हे दोन्ही त्याने पूर्वजांकडूनच आणले आहेत.

त्यामुळे आधी दोघांची नसबंदी. त्यानंतर नर-मादीची जोडी सहसा सर्वांत सहज जमते. शस्त्रक्रियेनंतर नराला ४ ते ६ आठवडे मादीपासून दूर ठेवावे, कारण तेवढा काळ त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. सशाचा गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा, आणि व्यायल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो.

मग शेजारी-शेजारी, मध्ये जाळी ठेवून राहू द्यावे, अंथरूण अदलाबदल करावे आणि दोघांच्याही हद्दीत नसलेल्या जागी रोज थोडा वेळ समोरासमोर आणावे. इथे माणसे चिन्हे उलटी वाचतात. एक दुसऱ्याच्या अंगावर चढला की घाबरून त्यांना वेगळे करतात. हा बऱ्याचदा ‘इथे मोठा कोण’ याचा फैसला असतो. थोडा वेळ चालू द्यावा. फक्त तोंडाच्या बाजूने चढू देऊ नये, चावा नाजूक जागी बसतो. दोघे पाठ फिरवून आपापले गवत खात बसले, तर तो रुसवा नसून चांगली सुरुवात असते. खरा धोका कान मागे चिकटवून, शेपूट ताठ करून एकमेकांभोवती गरगर फिरण्यात आहे. तेव्हा मध्ये हात न घालता पुठ्ठा सरकवावा.

जमल्याची खूण म्हणजे चाटणे. एक ससा डोके खाली घालून दुसऱ्यापुढे बसतो. आपल्याला ती शरणागती वाटते, पण बहुधा तो वरचढ ससा असतो आणि ‘चाट’ असा हुकूम सोडत असतो! दुसऱ्याने कपाळ, डोळ्यांभोवती चाटले की पुष्कळ काम झाले. पुढे दोघे अंगाला अंग लावून पसरतात. शिकार होणारा हा प्राणी दुसऱ्याशेजारी धपकन कुशीवर लोळतो, तेव्हा त्याला कसलीच भीती उरलेली नसते.

मात्र गाडीत किंवा दवाखान्याच्या टेबलावर बिलगून बसलेल्या सशांना मित्र समजू नये. ते घाबरलेले असतात. त्यासाठी मुद्दाम गाडीतून फिरवून आणण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो मला मुळीच पटत नाही. ताणाने सशाचे आतडे मंदावते, आणि १०-१२ तास न खाल्लेला ससा तातडीचा रुग्ण असतो.

तेव्हा शेवटची कसोटी वेळेची. आपल्या नजरेसमोर, एकाच जागेत, जेवणासकट सलग २४ ते ४८ तास पाठलाग नाही, केस उपटणे नाही, तरच त्यांना एकटे सोडून कामावर जावे. काहींना यासाठी चार दिवस लागतात, काहींना तीन महिने. काहींचे कधीच जमत नाही. त्यांना कायम वेगळे ठेवणेच बरे.

जोडी जमल्यावर दवाखान्यातही दोघांना बरोबर न्यावे. एकटा जाऊन आलेला ससा औषधांचा वास घेऊन येतो आणि घरातला त्याला परका समजून हल्ला करू शकतो. जोडीतला एक गेला, तर दुसऱ्याला थोडा वेळ त्याच्याजवळ हुंगत बसू द्यावे आणि पुढचे काही दिवस तो गवत खातो की नाही, यावर लक्ष ठेवावे.