इतिहास मंडळाच्या सभेत काय चालते?

आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात एखादे इतिहास मंडळ असते. फाटकावर रंग उडालेली पाटी, आत लाकडी कपाटे, भिंतीवर कोणा देणगीदाराचे तैलचित्र, आणि दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले : 'शनिवारी सायंकाळी सहा वाजता सभा. सर्वांना मुक्तद्वार.' आपण हा फळा वर्षानुवर्षे पाहतो आणि पुढे जातो. आत जाड भिंगांच्या चष्म्यांची चार माणसे बसून सनावळ्यांचा कीस काढीत असतील, त्यातले आपल्याला काय कळणार, असे म्हणून हातातली भाजीची पिशवी सावरतो. मीही इतिहासाचा एम. ए. होऊन, कॉलेजात तो विषय शिकवू लागल्यावरसुद्धा चारपाच वर्षे असाच पुढे गेलो होतो. तेव्हा या बाबतीत कोणाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

आत काय चालते ते सांगण्यासाठी पुण्याचेच उदाहरण घेऊ. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाड्यांनी तोवर गावोगाव पायपीट करून कागद जमवले होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला होता. एवढे काम एकट्याने करणाऱ्या माणसाला मंडळ कशाला हवे होते? शिवाय राजवाडे म्हणजे चारचौघांत मिळून मिसळून वागणारे गृहस्थ असेही नव्हे. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. कागद सापडणे हे अर्धेच काम. तो दहा जाणत्यांसमोर वाचला गेला पाहिजे, त्यावर शंका निघाल्या पाहिजेत आणि त्या शंकांसकट तो छापला गेला पाहिजे. मंडळाच्या सभा, वार्षिक इतिवृत्ते, संमेलनवृत्ते आणि पुढे निघालेले त्रैमासिक हे सारे या एका गरजेतून आले आहे. राजवाडे पुढे पुणे सोडून धुळ्यास गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. पाठोपाठ १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. नागपुरास १९३४ साली विदर्भ संशोधन मंडळ निघाले. लहान लहान मंडळे तर किती निघाली आणि किती मिटली, याची मोजदाद करणेच कठीण.

अशा वाचनातून काय निघते, याचा एक दाखला आपल्या घरच्या कॅलेंडरातच आहे. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. शकावली म्हणजे शकवार, तिथीवार घटनांची टिपणे. त्यात ना वर्णन ना अलंकार. ती जेध्यांनी लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म बखरींच्या आधाराने शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ सालचा, असे मानण्याचा प्रघात होता. जेधे शकावलीने सांगितले, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. झाले! वाद पेटला. पण वाद पेटला तो चव्हाट्यावर, छापील कागदावर, त्यामुळे प्रत्येकाला पुरावा घेऊनच उतरावे लागले. तिथी आणि वार यांचा मेळ बसतो की नाही, हे गणिताने पाहता येते, तो बसला. पुढे तंजावरास कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य सापडले, ते स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही हीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेली कुंडलीही त्याच बाजूची. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस असा ठरत गेला. १९६६ साली राज्य सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, तरी मतभेद राहिलेच. शासकीय निर्णय व्हायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. आज आपण १९ फेब्रुवारीची सुट्टी घेतो. काही घरी ती तिथीने पाळतात आणि त्यावरून वाद घालतात. राज्याभिषेकाच्या वेळी महाराज सत्तेचाळीस वर्षांचे नव्हते, चव्वेचाळीस वर्षांचे होते, हे मात्र त्या वादात कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता हे झाले मोठे प्रकरण. आपल्या तालुक्याच्या मंडळात रोज असे काही निघत नाही, निघणारही नाही. तेथे काय निघते ते मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

आमच्या मंडळाच्या एका सभेला जवळच्या गावातले एक वृद्ध शेतकरी आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्याबरोबर पितळी नळकांड्यात ठेवलेला एक लांबलचक कागद होता. दर दसऱ्याला त्याची पूजा होत असे. शिवाजी महाराजांनी आमच्या मूळपुरुषाला गावची पाटीलकी दिली, तिची ही सनद, असे घरात चालत आलेले. मोडी घरात कोणालाच येत नव्हती. आबांची इच्छा एवढीच की, एकदा तो चारचौघांत वाचून दाखवावा. बरोबर मुलगे, सुना, नातवंडे, गावातली दहापंधरा मंडळी होती. सभेला इतकी गर्दी मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

मोडी वाचायला बसले की पहिली अडचण अशी की, शब्द सुटे नसतात. वर एक लांब रेघ ओढलेली आणि तिला लोंबत अक्षरे एकामागून एक चाललेली. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विराम नाही. कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे. दुसरी अडचण सालाची. या कागदावर साल अंकात नव्हते. 'इसन्ने सबैन व अलफ' असे अरबी शब्द होते. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, मिळून १०७२. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून १०७२ म्हणजे १६७१च्या पावसाळ्याच्या तोंडापासून पुढचे वर्ष. महिन्याच्या आधी 'छ' असे अक्षर असते. ते चंद्राचे, म्हणजे चांद्र दिवसाचे चिन्ह. एवढे फळ्यावर मांडून दाखवल्यावर आबांच्या नातवाने स्वतःच बेरीज करून साल सांगितले. घरच्यांचे चेहरे उजळले. साल तर महाराजांच्याच कारकिर्दीतले!

मग मंडळाच्या चिटणिसांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरला. कागदाच्या अंगात एका इंग्रजी गिरणीचे नाव आणि एकोणिसाव्या शतकाच्या मधले साल उमटलेले दिसले. ज्याला वॉटरमार्क म्हणतात तो. दीडपावणेदोनशे वर्षांनंतर बनलेल्या कागदावर १६७१ चे अक्षर कसे येणार? शिवाय जेथे शिक्का असायचा तेथे कोणी हाताने नुसता गोल काढला होता.

सभेत एकदम शांतता झाली. आबांनी विचारले, "सर, मंग ह्यो खोटा हाय का?"

प्रश्न मला होता. खरे सांगतो, त्या क्षणी मला खोटे बोलावेसे वाटले. एवढी माणसे आलेली, पोरे नवे कपडे घालून बसलेली. 'तपासून सांगू' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण एकदा तसे केले की पुढच्या सभेत वाचलेल्या कोणत्याच कागदाला किंमत उरत नाही.

मी म्हणालो, "आबा, ही नक्कल आहे. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे." आणि इनाम कमिशनची हकीकत सांगितली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रजांनी इनामांची चौकशी मांडली, तेव्हा घरोघरच्या कागदांना एकाएकी कचेरीत मोल आले. लोकांनी जुन्या कागदांच्या नकला करवल्या, अस्सल कागद दप्तरांत गेले, हरवले. कोणी कोणी बनावटही केले. तेव्हा त्या सुमाराच्या कागदावरचा मजकूर खरा की रचलेला, हे मजकुरावरूनच ठरवायचे.

म्हणून मजकूर वाचला. ती सनद नव्हतीच. तो महजर होता, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. दोन गावांत शिवेचा तंटा पडला होता. ओढ्याच्या अलीकडची जमीन कोणाची, एवढाच. दोन्ही गावचे पाटील, बलुतेदार, आसपासच्या गावचे साक्षीदार जमले होते. खाली साक्षीदारांची नावे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी. पाटलापुढे नांगर, सुतारापुढे त्याचे हत्यार. आबांच्या मूळपुरुषाचे नाव त्यात होते. पण ते ज्यांचा दावा फेटाळला त्यांच्यात होते! निवाडा झाला तो गावच्या महाराच्या साक्षीवर. त्याने शपथ घेऊन शीव चालून दाखवली आणि दोन्ही गावांनी ती मान्य केली. जुन्या काळी शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोठी मानीत, हे पुस्तकात मी शंभरदा शिकवले आहे. नावानिशी प्रथमच ऐकत होतो.

मागच्या बाकावरून प्राथमिक शाळेतले एक शिक्षक उठले. ते त्याच गावचे, बौद्धवस्तीतले. म्हणाले, "ते नाव पुन्हा एकदा वाचता का?" चिटणिसांनी वाचले. शिक्षकांनी वहीत टिपून घेतले. त्यांना आजोबांच्या मागचे एकही नाव ठाऊक नव्हते. तो गृहस्थ त्यांचाच पूर्वज, असे काही त्या कागदावरून ठरत नाही, आणि तसे सभेत स्पष्ट सांगितलेही. ते म्हणाले, "असू द्या. आमच्यातला होता, हे तर ठरतं ना?"

स्वतःच्या विरुद्ध गेलेला निवाडा दोनशे वर्षांनी कोणी रचून ठेवील, हे संभवत नाही. म्हणून हा मजकूर अस्सलावरून उतरला असावा, असे आमच्या इतिवृत्तात नोंदले. आबांनी कागद गुंडाळून नळकांड्यात घातला आणि चहा न घेता गेले. पुढच्या सभेला ते आले नाहीत. त्यापुढच्या सभेला आले, ते काखेत आणखी एक रुमाल घेऊन. रुमाल म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. म्हणाले, "ह्यात काय हाय ते बी बघा. काय बी निघू द्या."

मंडळे आणखीही पुष्कळ करतात. पुण्यतिथीची व्याख्याने होतात. त्यांत वक्ता चांगला असला तर चांगली, नाहीतर हारतुरे. किल्ल्यांच्या सहली निघतात, त्यांना तरुणांची गर्दी असते, आणि वाटेत देवळामागे उलथी पडलेली एखादी वीरगळ उभी करून, धुऊन, तिची नोंद घेतली तर त्या सहलीचे चीज होते. नाण्यांची, शस्त्रांची प्रदर्शने भरतात. मला विचाराल तर या सर्वांत मोडीचा वर्ग मोलाचा. दहापंधरा दिवसांत अक्षरओळख होते; जुना कागद सरावाने वाचता यायला मात्र वर्षे लागतात. शाळांतून मोडी गेली त्यानंतरच्या पिढ्यांना घरातलेच कागद परके झाले आहेत. आमच्या घरी आजोबांच्या पश्चात कागदांचा एक अख्खा पेटारा आंघोळीच्या बंबात गेला. चुलते म्हणाले, "कोणाला वाचता येत होतं?" त्यांचेही चुकले म्हणवत नाही.

आपल्या माळ्यावर असा पेटारा असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. प्लॅस्टिकात पक्के दाबून लॅमिनेशन तर मुळीच करू नका, तो कागद पुन्हा सुटत नाही. घड्या जोराने उलगडू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा, जवळ वेखंड ठेवा आणि ओलीपासून दूर ठेवा. मंडळात नेलात तर कागद देऊन टाकलाच पाहिजे असे नाही. पोच घ्या, त्याची छायाचित्रे घेऊ द्या आणि मूळ कागद घरी परत आणा. जमिनीचा दावा चालू असेल तर ते आधीच सांगा. आणि सभेला घरातल्या एकट्या कर्त्या पुरुषाने जाऊ नये, नातवंडांना बरोबर न्यावे. सुहूर सनाची बेरीज तीच लवकर करतात.