एका सर्व्हरला दोन केबल

संगणकाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांना प्रोग्रॅम लिहिण्याची ओढ अधिक असते. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या केबलींकडे सहसा कोणी वळत नाही. आम्हीही वळत नव्हतो. अभ्यासिकेतील एका संध्याकाळी आम्हांला टेबलाखाली शिरून त्या केबली पाहाव्या लागल्या, आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले. ती हकीकत पुढे येईलच.

सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी फाईली किंवा माहिती पुरविणारा संगणक. त्याच्या पाठीमागे नेटवर्क कार्ड असते, त्यात केबल बसते आणि केबलचे दुसरे टोक स्विचमध्ये जाते. स्विचला बाकीचे संगणक जोडलेले असतात. यातील कार्ड, केबल किंवा स्विचचे ते एक भोक, काहीही बिघडले तरी सर्व्हर उत्तम चालू असूनही कोणाला दिसत नाही. म्हणून सर्व्हरला दोन कार्डे बसवून त्यांना एकाच पत्त्याखाली बांधतात. लिनक्समध्ये यास बाँडिंग म्हणतात. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून अशीच सोय टीमिंग या नावाने मिळू लागली.

ही कल्पना प्रथम पुढे आली ती वेगाच्या गरजेतून. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे प्रोसेसर असलेले १६ साधे संगणक जोडून बेओवुल्फ नावाचा समूह उभा केला. त्या काळचे इथरनेट १० मेगाबिटचे. प्रोसेसरच्या मानाने ते अपुरे पडू लागले आणि स्विच तर फारच महाग होते. तेव्हा बेकर यांनी लिनक्समधील आपले ड्रायव्हर नव्याने लिहून माहिती दोन इथरनेटांवर वाटून दिली. त्याच सुमारास कल्पना नावाच्या कंपनीने स्विचच्या बाजूने अशी जोडणी आणली होती. होय, कल्पनाच. तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ मध्येच ती सिस्कोने विकत घेतली. पुढे २००० साली निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी जुळवून घ्यावे म्हणून ८०२.३एडी हे मानक ठरले.

आता पहिला गैरसमज. एक गिगाबिटची दोन कार्डे बांधली म्हणजे वेग दोन गिगाबिट झाला, असे दुकानदारही सांगतो. एक गिगाबाइटची फाईल एका कार्डावरून यायला सुमारे नऊ सेकंद लागतात. दोन कार्डे बांधून तीच फाईल एकाच विद्यार्थ्याने उतरवून घेतली, तरी बहुतेक पद्धतींत नऊ सेकंदच लागतात. असे का व्हावे?

बोर्डाच्या गुणपत्रिका वाटताना शाळेत दोन खिडक्या उघडतात. सम बैठक क्रमांक पहिल्या खिडकीवर, विषम दुसऱ्या. रांग निम्मी होते, पण एका विद्यार्थ्याचे काम एकाच खिडकीवर होते. सर्व्हरही असेच करतो. पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या कार्डांच्या पत्त्यांवरून एक आकडा काढतो आणि त्यावरून कार्ड ठरवितो. दोन विद्यार्थ्यांनी एकाच वेळी फाईली मागितल्या, तर दोघे एकाच कार्डावर पडण्याची शक्यता निम्मी असते. वीस जणांनी मागितल्या तर वाटणी बऱ्यापैकी होते. म्हणजे लाभ गर्दीला मिळतो, एकट्याला नाही. शिवाय सर्व मागणी एकाच राउटरपलीकडून येत असेल, तर सर्व्हरला समोर एकच पत्ता दिसतो आणि सारे ओझे एकाच कार्डावर जाते. अशा वेळी आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक धरून वाटणी करावयास सांगावे लागते.

मग एकाच फाईलची पॅकेटे आळीपाळीने दोन्ही कार्डांवर का टाकू नयेत? तशी पद्धतही आहे, लिनक्समध्ये तिचा क्रमांक ०. परंतु मागचे पॅकेट पुढच्याच्या आधी पोहोचले की घेणाऱ्याला वाटते, मधले हरवले. तो ते पुन्हा मागतो आणि मिळालेला वेग त्यातच खर्च होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्व्हरकडून जाणारी माहिती कोठून जावी हे सर्व्हर ठरवितो, पण त्याच्याकडे येणारी माहिती कोणत्या केबलने यावी हे बहुधा स्विचच ठरवितो. म्हणून क्रमांक ४ च्या म्हणजे ८०२.३एडी पद्धतीत स्विचलाही तशी आज्ञा द्यावी लागते, आणि दोन्ही केबली सहसा एकाच स्विचमध्ये लागतात. तो स्विच बंद पडला की दोन्ही गेल्या.

आम्ही निवडली ती क्रमांक १ ची पद्धत. एक कार्ड काम करते, दुसरे राखीव राहते. पहिले गेले की दुसरे क्षणात त्याची जागा घेते. स्विचला काही सांगावे लागत नाही आणि दोन केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये लावता येतात. लहान संस्थेला हीच पद्धत योग्य, असे आमचे आजही मत आहे.

आता ती संध्याकाळ. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका स्कॅन करून आम्ही सर्व्हरवर ठेवल्या होत्या. सात वाजता सर्व्हर दिसेनासा झाला. इंटरनेट चालू, बाकी संगणक चालू. आम्ही सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, मग डिस्क गेली असे धरून चाललो. नेटवर्कचा विचार कोणी केलाच नाही, कारण दोन केबली होत्या ना! साडेदहाला एका मुलीने टेबलामागे वाकून विचारले, "दादा, इथे दिवा लागायला नको का?" दोन्ही दिवे विझलेले होते. एका प्लगची खिट्टी तुटलेली होती, झाडताना तो निसटला होता. दुसरी केबल उंदरांनी कुरतडली होती, आणि सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे ती १४ जुलैपासूनच मृत होती. राखीव कार्डाने चार महिने निमूटपणे काम सांभाळले आणि म्हणूनच आम्हांला काही कळले नाही. बाकीच्यांचे अर्ज बाराच्या आत गेले. दोघांचे राहिले. त्यांचे मूळ कागद गावी होते, आणि स्कॅन उघडेपर्यंत संकेतस्थळ बंद झाले होते.

लिनक्समध्ये बाँड-० नावाची एक छोटी फाईल असते. तीत प्रत्येक कार्डापुढे ते चालू आहे की बंद, आणि आजवर कितीदा तुटले, हे लिहिलेले असते. वाचायला अर्धे मिनिट लागते. आम्ही ती कधी उघडली नव्हती. आता दर तासाला एक लहानसा प्रोग्रॅम ती वाचतो आणि एकही कार्ड बंद दिसले तर आमच्यापैकी तिघांच्या फोनवर संदेश जातो. तो प्रोग्रॅम दिवा दाखविणाऱ्या मुलीनेच लिहिला. मात्र या फाईलीचीही मर्यादा आहे. साधी तपासणी, जी बहुधा दर १०० मिलिसेकंदांनी होते, ती फक्त कार्डापासून स्विचपर्यंतची जोडणी पाहते. स्विचच्या पुढे काही तुटले तर कार्ड चालूच दिसते. त्यासाठी पलीकडच्या एखाद्या पत्त्याला ठराविक वेळाने हाक मारून उत्तर येते का, हे पाहण्याची सोय आहे, तीही आम्ही लावली.

शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांच्या देखत एक केबल आम्ही स्वतः उपसतो. फाईल उतरत राहिली तर ती पुन्हा बसवून दुसरी उपसतो. मागच्या खेपेस एका मुलाने केबल सोडून स्विचचाच वीजप्रवाह बंद केला, तेव्हा दोन्ही स्विच एकदम विझले. दोघांनाही वीज एकाच पट्टीवरून दिली होती. दुसऱ्या स्विचसाठी भिंतीतून वेगळा पॉइंट काढायचा आहे, वायरमनला निरोप गेला आहे.